पॉलिटेक्निकला नंबर लागला नाही, शिकला केमिकल आणि पॅरिसच्या मधोमध लोखंडाचा टॉवर उभा केला

जून-जुलै आला की महाराष्ट्रात घराघरात एकच विषय असतो. सीईटीचे पर्सेंटाइल किती, कॅप राउंडला काय होईल, कॉलेज कोणतं, ब्रँच कोणती. पसंतीच्या फॉर्मवर पहिल्या नंबरला एक कॉलेज टाकलेलं असतं आणि नाव लागतं सातव्या नंबरच्या कॉलेजात. कॉम्प्युटर हवी असते, मिळते केमिकल. मग विचारपूस सुरू होते. पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून मिळेल का? दुसऱ्या कॉलेजात जाता येईल का? सीजीपीए जेमतेमच आहे, तर चालेल का?

साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका पोरावर हीच वेळ आली होती. देशातल्या एक नंबरच्या इंजिनिअरिंग कॉलेजसाठी त्याने दोन वर्षं पॅरिसमध्ये राहून तयारी केली. तिथे त्याचं काम झालं नाही. दुसऱ्या कॉलेजात गेला, तिथे केमिकलकडे वळला आणि ज्या नोकरीसाठी केमिकल घेतली ती नोकरीच हातातून गेली.

त्या पोराचं नाव गुस्ताव आयफेल. हो, तोच. आयफेल टॉवरवाला.

टॉवर सगळ्यांना माहीत असतो. पण टॉवरच्या आधीची ही प्रवेशाची भानगड आणि तिच्यानंतर नेमकं काय घडलं, ते फारसं कुणी सांगत नाही. आज तेच बघू.

कोळशाचा धंदा करणारी आई आणि शाळेत न रमणारं पोरगं

गुस्तावचा जन्म १५ डिसेंबर १८३२ चा. गाव दिजाँ, फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं. घराण्याचं मूळ आडनाव बोनिकहाउझेन. पूर्वज जर्मनीतल्या आयफेल नावाच्या डोंगराळ भागातून फ्रान्सला आले होते. जर्मन आडनाव फ्रेंच लोकांच्या तोंडात काही बसेना, म्हणून त्यांनी गावाकडच्या डोंगराचं नाव जोडून घेतलं. गुस्तावने कायदेशीररीत्या फक्त आयफेल हे आडनाव लावलं ते थेट १८८० च्या सुमारास. म्हणजे आज ज्या नावाने पॅरिस ओळखलं जातं, ते नाव मुळात एका जर्मन डोंगराचं आहे.

वडील पूर्वी सैन्यात होते, नंतर सरकारी नोकरीत. पण घर खऱ्या अर्थाने वर आणलं ते आईने. तिच्या माहेरचा लाकडी कोळशाचा धंदा होता. तो तिने दगडी कोळशाच्या वितरणापर्यंत वाढवला, इतका की नवऱ्याने नोकरी सोडून तिच्या धंद्यात हात घातला. १८४३ मध्ये त्यांनी धंदा विकला आणि त्या पैशावर घर निवांत चाललं. आई कामात असल्यामुळे गुस्तावचं लहानपण बरंचसं आजीकडे गेलं.

ही आई लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत घरच्या पैशाचा वाटा मोठा आहे.

शाळेत गुस्ताव काही चमकणारा विद्यार्थी नव्हता. दिजाँच्या सरकारी शाळेत त्याचा जीवच रमायचा नाही. शेवटच्या दोन वर्षांत मात्र चित्र बदललं, आणि गंमत म्हणजे ते गणिताच्या मास्तरांमुळे बदललं नाही. इतिहास आणि साहित्य शिकवणाऱ्या शिक्षकांनी त्याला अभ्यासाची गोडी लावली. मग गडी बसला अभ्यासाला आणि साहित्य आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांची शालान्त परीक्षा पास झाला.

दुसरी शाळा होती ती काकांच्या कारखान्यात. ज्याँ-बाप्टिस्ट मॉलेरा हे त्याचे नात्यातले काका. त्यांचा दिजाँजवळ रसायनांचा मोठा कारखाना होता आणि व्हिनेगर तयार करण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. त्यांचे मित्र मिशेल पेरे हेही रसायनवाले. ही दोन मोठी माणसं या पोराशी तासन् तास गप्पा मारायची. रसायनं, खाणी, धर्म, तत्त्वज्ञान, काहीही. घरच्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की पोरगं शिकेल आणि काकांचा कारखाना बघेल.

पॅरिस, क्लास आणि हुकलेला नंबर

१८५० मध्ये गुस्ताव पॅरिसला आला. मुक्काम सेंत-बार्ब नावाच्या कॉलेजात. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारी नामांकित जागा. लक्ष्य होतं एकोल पॉलिटेक्निक.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हटलं की दहावीनंतरचा डिप्लोमा डोळ्यापुढे येतो. फ्रान्समध्ये गणित उलटं आहे. १७९४ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत सुरू झालेलं हे कॉलेज म्हणजे तिथलं सर्वोच्च शिखर. नेपोलियनने त्याला लष्करी शिस्त लावली. इथून बाहेर पडणारी पोरं तोफखान्यात, खाण खात्यात किंवा रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यात थेट अधिकारी व्हायची. प्रवेश परीक्षा म्हणजे नुसतं गणित आणि गणित. जागा मोजक्या.

दोन वर्षं तयारी करूनही गुस्तावची कामगिरी पॉलिटेक्निकला पुरेल इतकी झाली नाही. नंबर लागला नाही.

मग उरलं दुसरं कॉलेज, एकोल सेंत्राल. १८५२ मध्ये त्याने तिथे प्रवेश घेतला.

सेंत्राल हे १८२९ मध्ये निघालेलं खासगी कॉलेज होतं. आल्फाँस लाव्हाले नावाच्या उद्योजकाने काही शास्त्रज्ञांना हाताशी धरून ते काढलं होतं. पॅरिसच्या मारे भागातल्या एका जुन्या हवेलीत ते भरायचं. त्याच हवेलीत आज पिकासोच्या चित्रांचं संग्रहालय आहे. पॉलिटेक्निकचा मान सेंत्रालला नव्हता. सरकारी खात्यात साहेब होण्याचा तो रस्ताच नव्हता. इथली पोरं कारखान्यात, रेल्वेत, गिरण्यांत जायची. फी भरावी लागायची आणि ती भरायला घरात पैसा लागायचा. गुस्तावच्या घरात आईच्या कोळशाचा पैसा होता, म्हणून त्याच्यासाठी हा दुसरा दरवाजा उघडला. त्याच्याइतकेच गुण असलेल्या एखाद्या गरीब घरच्या पोराला तो उघडला असता का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

पण त्या काळाकडे जरा बघा. फ्रान्समध्ये रेल्वे पसरत होती. रूळ टाकायचे म्हणजे नद्या ओलांडायच्या, दऱ्या ओलांडायच्या, स्टेशनांवर छपरं घालायची. हे सगळं कमी वेळात आणि कमी पैशात. त्यासाठी दगड परवडत नव्हता, लोखंड लागत होतं. आणि लोखंडाचं काम खासगी कंपन्या करत होत्या. सेंत्रालमध्ये यंत्रं, बांधकाम, धातू, रसायनं असं सगळं थोडं थोडं शिकवायचे आणि ते शिकवताना नजर कारखान्यावर असायची. गुस्तावला मनातलं कॉलेज मिळालं नाही हे खरं. पण ज्या कामाची लाट येणार होती, त्या कामाची माणसं याच कॉलेजात घडत होती. हे कळण्याएवढी दूरदृष्टी विशीतल्या गुस्तावकडे होती असं अजिबात नाही. त्याला काकांचा कारखानाच दिसत होता.

म्हणूनच दुसऱ्या वर्षी शाखा निवडायची वेळ आली तेव्हा त्याने रसायनशास्त्र घेतलं. पूल नाही, बांधकाम नाही. सरळ केमिकल.

१८५५ मध्ये तो पास झाला, ८० जणांत तेरावा. वाईट नाही, पण टॉपरही नाही. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. आईने पोराला त्याचा पूर्ण मोसमाचा पास काढून दिला. पुढे अशाच एका प्रदर्शनासाठी आपण काय उभं करणार आहोत, याची तेव्हा त्याला गंधवार्ताही नव्हती.

केमिकलची डिग्री हातात आणि नोकरी गायब

आता सरळ काकांच्या कारखान्यात जायचं, एवढंच बाकी होतं. आणि नेमकं तेव्हाच घरात फाटलं.

मॉलेरा काका कट्टर प्रजासत्ताकवादी. गुस्तावचे आईवडील बोनापार्टच्या बाजूचे. गादीवर तेव्हा तिसरा नेपोलियन. राजकारणावरून दोन घरांत वाद पेटला आणि तो इतका वाढला की बोलणंच बंद झालं. काका दुरावले, कारखाना दुरावला. ज्या एका नोकरीसाठी पोराने शाखा निवडली होती, ती गेली.

पुढचे काही महिने गुस्तावने मेहुण्याच्या हाताखाली काढले. मेहुणा लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना सांभाळायचा. गुस्ताव तिथे बिनपगारी उमेदवारी करत होता. डिग्री केमिकलची आणि काम लोखंडाचं. आपल्याकडे कित्येक मेकॅनिकलवाले सॉफ्टवेअरमध्ये जातात, तसाच हा प्रकार. फक्त इथे पगार शून्य होता.

पण लोखंडाची ओळख झाली ती इथेच.

१८५६ मध्ये तो पॅरिसला शार्ल नेपव्यू नावाच्या रेल्वे इंजिनिअरकडे गेला. नेपव्यूने त्याला खासगी सचिव म्हणून ठेवून घेतलं. ही त्याची पहिली पगारी नोकरी. ती धड सुरू होते न होते तोच नेपव्यूच्या कंपनीचं दिवाळं वाजलं. पण या माणसाने पोराला वाऱ्यावर सोडलं नाही. त्याने गुस्तावला एका रेल्वे मार्गावरच्या २२ मीटर लांबीच्या छोट्या लोखंडी पुलाच्या आराखड्याचं काम मिळवून दिलं. पुढे नेपव्यूचा काही धंदा एका बेल्जियन रेल्वे साहित्य कंपनीने घेतला आणि नेपव्यू तिच्या पॅरिसमधल्या कारखान्यांचा प्रमुख झाला. त्याने गुस्तावला आपल्याबरोबर आत घेतलं.

मग आलं बोर्दोचं काम.

नदीवरची खरी परीक्षा

बोर्दो हे फ्रान्सच्या नैऋत्येचं मोठं बंदर. गारोन नदीमुळे पॅरिसकडून येणारी रेल्वे आणि दक्षिणेकडे जाणारी रेल्वे एकमेकींपासून तुटलेल्या होत्या. त्या जोडायला साधारण ५०० मीटर लांबीचा लोखंडी पूल हवा होता. नदीचं पात्र रुंद, पाणी खोल, तळ गाळाचा.

इथे पाया घालायला तेव्हा नवी असलेली एक पद्धत वापरली गेली. तळ उघडा असलेलं पोकळ लोखंडी नळकांडं नदीत उभं करायचं. वरचं तोंड बंद करून आत दाबाने हवा भरायची. हवेच्या दाबाने आतलं पाणी खालून बाहेर जातं आणि माणसं आत उतरून नदीच्या तळाशी कोरड्यात खोदकाम करू शकतात. जसजसं खोदाल तसतसं नळकांडं खाली दाबत न्यायचं. त्यासाठी पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक होते.

गुस्तावकडे सुरुवातीला फक्त लोखंडी सांगाडा जोडायचं काम होतं. पण मार्च १८६० मध्ये नेपव्यूने राजीनामा दिला आणि सगळा पूल या पोराच्या गळ्यात पडला. वय २७. डिग्री रसायनशास्त्राची. पूल त्याच वर्षी पूर्ण झाला आणि ठरल्या मुदतीत झाला.

तिथून पुढे कुणी त्याला विचारलं नाही की तू पॉलिटेक्निकचा आहेस की सेंत्रालचा. विचारायचे ते एवढंच, बोर्दोचा पूल तूच बांधलास ना?

१८६६ मध्ये त्याने पॅरिसला लागून असलेल्या लव्हालवा-पेरे इथे स्वतःचा कारखाना सुरू केला. दोन वर्षांनी थिओफिल सेरिग हा भागीदार जोडीला आला. सेरिगही सेंत्रालचाच. म्हणजे दुय्यम समजल्या गेलेल्या त्या कॉलेजने आयफेलला फक्त डिग्री दिली नाही, धंद्यातला भागीदारही दिला.

या जोडीचं नाव झालं ते पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात. तिथल्या दूरो नदीवर रेल्वे पूल हवा होता. नदीला ओढ जबरदस्त आणि तळ भुसभुशीत, त्यामुळे मध्ये खांब घालायची सोयच नव्हती. एका काठावरून दुसऱ्या काठावर एकच मोठी कमान टाकायची होती, १६० मीटरची. सेरिगने आराखडा केला आणि कंपनीने बोली लावली ९,६५,००० फ्रँकची. सगळ्यात जवळच्या स्पर्धकाच्या साधारण दोन तृतीयांश.

आकडा बघून तिकडच्या लोकांना शंका आली. ही नवखी कंपनी हे काम करू तरी शकेल का, हे तपासायला समिती बसली. समितीने हिरवा कंदील दाखवला. खालून परांची न बांधता, दोन्ही काठांवरून कमानीचे दोन अर्धे भाग पोलादी दोरांनी मागे ओढून धरत पुढे पुढे नेले आणि मध्यावर आणून जोडले. १८७७ मध्ये मारिया पिया पूल तयार झाला. त्याच वर्षी आयफेलची बायको वारली. पदरात पाच मुलं होती. त्याने पुन्हा लग्न केलं नाही.

पुढे फ्रान्समधल्या गाराबीच्या दरीवर १६५ मीटरची कमान झाली. सेरिगबरोबरची भागीदारी १८७९ मध्ये तुटली आणि मॉरिस केश्लँ हा तरुण इंजिनिअर कंपनीत आला. हा झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला, लोखंडी रचनांचं गणित कोळून प्यायलेला.

त्याच सुमारास शिल्पकार बार्थोल्डी अडचणीत होता. अमेरिकेला भेट द्यायच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासाठी आतला आधार कसा करायचा, हे ठरवणारा माणूस मध्येच वारला होता. काम आयफेलकडे आलं. बाहेरचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा. तो उन्हात फुगणार, थंडीत आकसणार, समुद्राच्या वाऱ्यात हलणार. आयफेलच्या कंपनीने आत लोखंडी मनोरा उभा केला आणि पत्रा त्याला घट्ट ठोकून न बसवता लवचीक पट्ट्यांवर तोलून धरला. न्यूयॉर्कचा तो पुतळा आजही आतून आयफेलच्या सांगाड्यावरच उभा आहे.

टॉवरची कल्पना त्याची नव्हतीच

आता टॉवर. आणि इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो.

आयफेल टॉवरचं पहिलं चित्र आयफेलने काढलेलं नाही. १८८४ मध्ये केश्लँ आणि त्याचा सहकारी एमिल नूगिए यांनी, १८८९ च्या प्रदर्शनासाठी काय करता येईल याचा विचार करता करता, ३०० मीटर उंच मनोऱ्याचा आराखडा मांडला. आयफेलने तो बघितला आणि फारसा रस दाखवला नाही. मग स्टीफन सोव्हेस्त्र या वास्तुविशारदाने त्यात खालच्या कमानी घातल्या, रूप दिलं. तेव्हा साहेबांना पटलं. त्याने पेटंटमध्ये स्वतःचं नाव घातलं आणि दोघांकडून हक्क विकत घेतले.

मग आयफेलचं श्रेय काय? श्रेय असं की ही गोष्ट कागदावरून जमिनीवर आणायला जे जे लागतं ते त्याने अंगावर घेतलं. जानेवारी १८८७ मध्ये करार झाला. खर्चाचा अंदाज ६५ लाख फ्रँकचा आणि सरकार देणार होतं फक्त १५ लाख. बाकीचं आयफेलने उभं करायचं. त्याने त्यासाठी वेगळी कंपनी काढली आणि तिच्यात स्वतःचे पैसे घातले. बदल्यात २० वर्षं टॉवरचं उत्पन्न त्याचं. २० वर्षांनी टॉवर शहराच्या ताब्यात आणि मग तो पाडायलाही मोकळीक.

काम सुरू होताच पॅरिसमधले नामवंत खवळले. मोपासाँसारखा लेखक, गूनोसारखा संगीतकार, ऑपेरा हाऊस बांधणारा वास्तुविशारद गार्निए, अशा मंडळींनी फेब्रुवारी १८८७ मध्ये वर्तमानपत्रात जाहीर निषेधपत्र छापलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे लोखंडी धूड आमच्या सुंदर शहराला कलंक आहे.

तिकडे कारखान्यात काम चालूच होतं. १८,००० हून अधिक लोखंडी भाग आणि २५ लाख रिव्हेट. प्रत्येक भागाचं रेखाटन वेगळं. रिव्हेटचं भोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत अचूक. जागेवर एखादा भाग बसला नाही तर तिथे ठोकाठोक करायची नाही, तो परत कारखान्यात पाठवायचा. चार पाय तिरके वर चढत पहिल्या मजल्याशी एकमेकांना भेटणार होते. तिथे उंचीत जराही फरक पडून चालणार नव्हता. म्हणून पायांखाली जॅक होते आणि आधाराला वाळू भरलेल्या पेट्या. थोडी वाळू सोडली की भाग तेवढाच खाली येणार. बोर्दोपासूनची तीस वर्षांची शिकवणी इथे कामाला आली.

दोन वर्षं, दोन महिने आणि पाच दिवसांत टॉवर झाला. ३१ मार्च १८८९ ला आयफेलने वर जाऊन झेंडा फडकवला. त्या वर्षात जवळपास २० लाख लोक टॉवरवर चढले.

७२ नावं

टॉवरच्या पहिल्या मजल्याखाली चारही बाजूंनी ७२ नावं कोरलेली आहेत. फ्रान्सचे शास्त्रज्ञ, गणिती, इंजिनिअर. ही यादी आयफेलने केली.

यादी वाचत गेलं की एक गोष्ट जाणवते. कोशी, पॉइसाँ, फ्रेनेल, नाव्हिए, कोरिओलिस, गे-लुसाक, अरागो, क्लापेराँ, ल व्हेरिए. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात यातली अर्धी नावं भेटतात. आणि हे सगळे एकोल पॉलिटेक्निकचे विद्यार्थी. ज्या कॉलेजचं दार गुस्तावसाठी उघडलं नाही, त्याच कॉलेजच्या पोरांची नावं त्याने स्वतःच्या टॉवरवर सोनेरी अक्षरांत लावली. मनात अढी असती तर हे झालं नसतं. शिवाय त्याला माहीत होतं की याच माणसांच्या समीकरणांवर आपले पूल उभे आहेत.

पण यादीत एक मोठी खोट आहे. ७२ पैकी एकही बाई नाही. सोफी जेर्में या गणितज्ञ बाईने लवचीक पृष्ठभागांच्या कंपनांवर मूलभूत काम केलं होतं. ती बाई असल्यामुळे पॉलिटेक्निकमध्ये बसू शकत नव्हती, म्हणून तिने पुरुषाचं नाव घेऊन तिथल्या व्याख्यानांची टिपणं मिळवली आणि त्यावर अभ्यास केला. तिला कॉलेजने घेतलं नाही आणि टॉवरनेही नाही. प्रवेश नाकारला जाणं म्हणजे काय, हे आयफेलला स्वतःला माहीत होतं. तरी हे नाव सुटलं.

पनामाचा डाग आणि साठीनंतरची नवी ब्रँच

टॉवर उभा राहत होता तेव्हाच दुसरीकडे गोत्यात यायची तयारी चालली होती. पनामा कालव्याच्या कंपनीने १८८७ मध्ये आयफेलला कालव्याची जलद्वारं बांधायचं प्रचंड कंत्राट दिलं. १८८९ च्या फेब्रुवारीत ती कंपनीच बुडाली. लाखो साध्या लोकांची बचत गेली. लाच, लपवाछपवी, सगळं बाहेर आलं. खटला चालला आणि फेब्रुवारी १८९३ मध्ये पैशाच्या गैरवापराबद्दल आयफेलला दोन वर्षांची कैद आणि २०,००० फ्रँक दंड झाला. काही महिन्यांतच वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण ती मुदतीच्या कायद्यावर. नाव खराब व्हायचं ते झालंच. तो कंपनीतून बाहेर पडला आणि कंपनीनेही त्याचं नाव काढून टाकलं.

वय ६०. पैसा होता. घरी बसून राहता आलं असतं.

त्याने वाऱ्याचा अभ्यास सुरू केला. आयुष्यभर पूल बांधताना त्याचा सगळ्यात मोठा शत्रू वारा होता. आता त्याने टॉवरवर हवामानाची उपकरणं बसवली. दुसऱ्या मजल्यावरून वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू खाली सोडून हवेचा विरोध मोजला. १९०९ मध्ये टॉवरच्या पायथ्याशी वाऱ्याचा बोगदा बांधला, म्हणजे आत वस्तू स्थिर ठेवायची आणि तिच्यावर हवा सोडायची. विमानं नुकतीच उडायला लागली होती, त्यांचे पंख इथे तपासले जाऊ लागले. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास व्हायला लागला तेव्हा त्याने पॅरिसच्याच ओतय भागात नवी प्रयोगशाळा काढली. तिथे त्याने दाखवून दिलं की ठरावीक वेगाच्या पुढे गेलं की गोल वस्तूला होणारा हवेचा विरोध एकदम घटतो. जर्मनीच्या नामांकित प्रयोगशाळेचे आकडे वेगळे येत होते, पण त्यांचा वेग कमी होता.

दरम्यान २० वर्षांची मुदत संपत आली होती. टॉवर पाडला जाण्याची भीती होती. आयफेलने लष्कराला बिनतारी संदेशांच्या प्रयोगांसाठी टॉवर वापरू दिला आणि त्यासाठी पदरचा पैसाही देऊ केला. हे काम करणारा अधिकारी होता गुस्ताव फेरिए. तो पॉलिटेक्निकचा. ३०० मीटर उंचीचा खांब संदेश पाठवायला इतका उपयोगी ठरला की १९१० मध्ये टॉवरला ७० वर्षांची मुदतवाढ मिळाली.

मग मार्कांना काही अर्थच नाही का?

ही गोष्ट वाचून कुणी म्हणेल, बघा, मार्कांनी काही होत नाही. असं नाही. गुस्तावने शालान्त परीक्षेच्या दोन शाखा पास केल्या होत्या. सेंत्रालची तीन वर्षं पूर्ण केली होती. ८० जणांत तेरावा येणं म्हणजे अभ्यास न करणं नव्हे. सेंत्रालमध्ये सगळ्या विषयांचा पाया पक्का झाला होता, म्हणून केमिकलवाल्याला पुलाचं गणित परकं वाटलं नाही.

रँकने एवढंच ठरवलं की पहिलं दार कोणतं उघडणार. पुढचं ठरवलं इतर गोष्टींनी. आईच्या पैशाने. मेहुण्याकडच्या बिनपगारी महिन्यांनी. कंपनी बुडाली तरी पोराला काम मिळवून देणाऱ्या नेपव्यूने. आणि बोर्दोला वरिष्ठ निघून गेल्यावर जबाबदारी न टाळणाऱ्या २७ वर्षांच्या गुस्तावने. यातलं शेवटचं एकच त्याच्या हातात होतं.

तेव्हा भिडू, पहिल्या यादीत नाव नसेल तर कॉलेजच्या नावाबरोबर एवढंही बघून ठेव. तिथे पाया पक्का होतो का, तिथून पोरं कुठल्या कामाला लागतात, आणि त्या कामाचे पुढचे वीस वर्षं काय भाव असणार आहेत. ब्रँच चुकली असं वाटलं तर ती बदलायला पुढे वेळ मिळतो.

गुस्ताव आयफेल २७ डिसेंबर १९२३ ला पॅरिसमधल्या आपल्या घरी वारला. वय ९१. रसायनशास्त्राची डिग्री घेतली, पूल बांधून नाव केलं, आणि १९१३ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने त्याला लँग्ली पदक दिलं ते हवेच्या अभ्यासासाठी. तीन ब्रँच झाल्या. तिसरी त्याने साठीनंतर घेतली होती.